पावसाची बखर

लेणे आणि गुहा या दोन शब्दांत आपण मराठी माणसे सहसा फरक करीत नाही, आणि त्याला कारणही तसेच आहे. कोल्हापूरच्या माणसापुढे 'गुहा' हा शब्द काढा. त्याला जोतिबाजवळची पोहाळ्याची लेणी आठवतील, मसाईच्या पठारालगतची पांडवदऱ्याची लेणी आठवतील, फार तर गगनबावड्याच्या बाजूचे पळसंबे आठवेल. त्यापलीकडे गेला तर अजिंठा आणि वेरूळ आहेतच. ही सारी माणसाच्या हातची करणी. कोणी राजाने, व्यापाऱ्याने वा भिक्षुसंघाने मनात आणले, पाथरवटांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि डोंगराच्या पोटात घर केले.

याचे मूळ आपल्या दगडात आहे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो थरावर थर असा वाहिला आणि गोठला. हा दगड पाण्याने झिजतो, फुटतो, पण साखरेसारखा विरघळत नाही. म्हणून पाण्याने आपण होऊन कोरलेली गुहा पाहायची असेल, तर माणसाला चुनखडीच्या मुलखात गेले पाहिजे. चुनखडी ही पाण्याची जुनी ऋणाईत आहे. थेंबाथेंबाने ती आपले सर्वस्व त्याच्या हवाली करते.

असा मुलूख पाहावा म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही सतरा कोल्हापूरकर बस्तरला जाऊन आलो. आमचे भटक्यांचे एक लहानसे मंडळ आहे. त्यात एक निवृत्त भूगोलशिक्षक आहेत, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात. गुळाच्या व्यापारात हयात घालवलेले एक बापू आहेत. सत्तरीला टेकलेल्या, पण पन्हाळा अजून पायी चढणाऱ्या एक मावशी आहेत. आणि कॉलेजात शिकणारी चार-पाच पोरे आहेत. निसर्गाची माहिती असलेला वाटाड्या घेऊन, कमीत कमी उपद्रव करीत जंगल पाहायचे, याला हल्ली 'इको टुरिझम' म्हणतात. बापूंच्या मते या शब्दाचा अर्थ एवढाच, की पैसे द्यायचे आणि वर शिस्तही पाळायची!

आमची महाराष्ट्र एक्सप्रेस ही मोठी इमानी गाडी. कोल्हापुरात दुपारी बसावे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला उतरावे. मधल्या वेळात अख्खा महाराष्ट्र खिडकीतून पाहून होतो. घरून बांधून आणलेल्या भाकऱ्या, खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी गोंदियापर्यंत पुरली. तेथून दुसऱ्या गाडीने रायपूर, आणि रायपूरहून केशकालचा घाट चढून मोटारीने सुमारे तीनशे किलोमीटरवर जगदलपूर. तेथे पोचलो तेव्हा गुरुजी सोडून प्रत्येकाची कंबर कुरकुरत होती. गुरुजींची कुरकुरत नव्हती, कारण वाटेतला प्रत्येक डोंगर कोणत्या दगडाचा हे सांगण्यात ते गुंतले होते.

बस्तर मराठी माणसाला पार परका वाटत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील राजे नागपूरकर भोसल्यांना टकोळी देत असत. शिवाय तेथील बाजारात जी हलबी बोली ऐकू येते, तिच्यात मराठीचा अंश स्पष्ट कानाला लागतो. आपण 'बस्तरचा' म्हणतो, हलबीत 'बस्तर चो' म्हणतात. भाजीवालीच्या तोंडी तो 'चो' ऐकला आणि मावशींनी तिच्याशी चक्क कोल्हापुरीत घासाघीस सुरू केली. दोघींचे काय जमले देव जाणे, पण चिंच स्वस्त मिळाली.

आम्हांला पाहायची होती ती कोटमसरची गुहा. जगदलपूरहून ती चाळीसेक किलोमीटरवर, कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. सुमारे २०० चौरस किलोमीटरचे हे उद्यान १९८२ साली जाहीर झाले. सालाचे आणि सागाचे जंगल येथे एकमेकांत मिसळते, आणि माणसाची नक्कल करणारी पहाडी मैना येथेच राहते. ती छत्तीसगडचा राज्यपक्षी आहे. आदल्या दिवशी आम्ही याच उद्यानातला सुमारे ३०० फूट उंचीवरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा तीरथगडचा धबधबा पाहिला होता. परंतु धबधबे आम्ही आंबोलीत आणि राधानगरीकडे पुष्कळ पाहिले आहेत. ओढ होती ती गुहेची.

ही गुहा जवळपासच्या गावकऱ्यांना ठाऊक होती. बाहेरच्या जगाला तिची नीट ओळख करून दिली ती भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांनी, १९५० च्या दशकात. गुहेत राहणाऱ्या एका रातकिड्याच्या जातीला शास्त्रज्ञांनी पुढे 'शंकरी' हे नाव दिले, ते त्यांच्याच नावावरून. आपल्याकडे थोर माणसांच्या नावाने चौक होतात. अंधारात शिरणाऱ्या माणसाच्या नावाने अंधारातला एक किडा असावा, हे गुरुजींना फारच योग्य वाटले.

उद्यानाच्या नाक्यावर नावे नोंदवावी लागतात, तेथूनच जंगलातली गाडी मिळते आणि वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. आमचा वाटाड्या पंचविशीचा धुरवा तरुण होता. अंगकाठी बारीक, बोलणे थोडे, हातात बॅटरीचा कंदील. त्याने हिंदीत चार सूचना दिल्या. आत काही खायचे नाही. ओरडायचे नाही. कोणत्याही दगडाला हात लावायचा नाही. ज्यांना दम्याचा वा काळजाचा त्रास असेल त्यांनी बाहेर बसावे, कारण आत हवा कोंदट असते. मग त्याने आम्हांला एकदा मोजले आणि मोजलेला आकडा बोटांवर धरून तो पुढे झाला.

गुहेच्या तोंडाशी उभे राहिल्यावर आमच्यातल्या पोरांची थोडी निराशा झाली. त्यांच्या डोळ्यांपुढे राजवाड्याच्या दरवाजाएवढी कमान होती. येथे डोंगराच्या अंगाला एक उभी चीर होती, जेमतेम माणूस जाईल एवढी. बापूंचा देह हा गुळाच्या व्यापाराची साक्ष देणारा आहे. ते आडवे होऊन, श्वास रोखून, "अंबाबाई!" म्हणत त्या चिरेतून गेले. त्यांच्या मागे अरुंद पायऱ्यांवरून एकामागून एक आम्ही खाली उतरत गेलो. बाहेर डिसेंबरची थंडी होती. दहा-बारा पावले उतरल्यावर स्वेटर नकोसा झाला, वीस पावलांवर चष्म्यावर वाफ धरली. बाहेर वैशाख असो की पौष, आतली हवा वर्षभर जवळजवळ सारखीच उबदार राहते. पावसाळ्यात मात्र गुहेत पाणी भरते आणि तेव्हा ती बंद ठेवतात.

आत गेल्यावर कंदिलाचा उजेड पहिल्यांदा छतावर पडला आणि सगळे एकदम गप्प झाले. वरून दगडाचे झुंबर लोंबत होते. कोठे वडाच्या पारंब्या, कोठे हत्तीची सोंड, कोठे वाळत घातलेल्या नऊवारीचे पदर. खालून त्यांना भेटायला निघालेले ठेंगणे खांब. मधूनच एखादी पारंबी आणि एखादा खांब एकमेकांना मिळून पूर्ण स्तंभ झालेला. आणि या सगळ्यात एकच आवाज: टप... बराच वेळ काही नाही... पुन्हा टप.

शाळेच्या पुस्तकात यांना लवणस्तंभ म्हणतात. वरून लोंबणारे ते अधोमुखी आणि खालून वाढणारे ते ऊर्ध्वमुखी. या 'लवण' शब्दाने पिढ्यान् पिढ्या मुलांचा समज होत आला आहे की हे मिठाचे असतात. गुरुजींनी तेथेच त्याचा खुलासा केला, आणि तो इतका घरगुती होता की तो जसाच्या तसा देतो.

"गोटी सोड्याची बाटली आठवते ना? पाण्यात वायू कोंबलेला असतो, म्हणून ते जिभेला चुरचुरते. पावसाचे पाणी जंगलाच्या मातीतून झिरपते तेव्हा मुळांपाशी आणि कुजत्या पाल्यापाशी तोच कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो. पाणी किंचित आंबट होते. आंबट पाण्याने चुनखडी विरघळते. असे करीत करीत लक्षावधी वर्षांत डोंगरात ही पोकळी झाली. आता तेच चुना प्यालेले पाणी छतातून गुहेत डोकावते. गुहेची हवा लागली की बाटलीचे बूच काढल्यासारखा त्यातला वायू उडून जातो. वायू गेला की चुना पाण्यात राहू शकत नाही. थेंब पडण्यापूर्वी थोडा चुना छताला ठेवतो, पडल्यावर उरलेला खाली ठेवतो. बोअरच्या पाण्याने आपल्या बंबाला आतून पांढरा थर बसतो की नाही? तीच ही गोष्ट. फक्त बंबाला दोन वर्षांत बसतो, आणि येथे—"

"येथे?" एका पोराने विचारले.

"येथे सर्वसाधारणपणे शंभर वर्षांत एखादा सेंटिमीटर. कधी त्याहून कमी."

पोराने समोरच्या कमरेएवढ्या खांबाकडे पाहिले, मनातल्या मनात गुणाकार केला आणि तो एक पाऊल मागे सरला. शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले ती रात्र १६६० सालची. त्या रात्रीपासून आजपर्यंत हा खांब चार बोटेही वाढला नसेल.

पुढे एक उथळ डबके होते. वाटाड्याने कंदील तिरका धरला आणि आम्हांला वाकून पाहायला सांगितले. प्रथम काहीच दिसले नाही. मग पाण्यात बोटभर लांबीची फिकट गुलाबी रेघ हलली. हा कोटमसरचा प्रसिद्ध आंधळा मासा. त्याचे डोळे खुरटलेले असतात आणि अंगावरचा रंग उडालेला असतो. जेथे कधी उजेडच येत नाही तेथे डोळे पोसण्यात काय अर्थ, असा हिशेब निसर्गाने पिढ्यान् पिढ्या केला. मराठी वाचकांना यातली आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शास्त्रज्ञ या माशाची गणना बरीच वर्षे ज्या जातीत करीत आले, त्या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस डे या इंग्रज मत्स्यतज्ज्ञाने १८७२ साली केले, आणि ते पुण्याच्या माशावरून! म्हणजे आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातल्या मुळा-मुठेच्या ओढ्यांत दगडांखाली लपणाऱ्या डोळस माशाचा हा कोणी दूरचा भाऊबंद. केव्हातरी पाण्याबरोबर डोंगराच्या पोटात उतरला आणि तेथेच राहिला.

माशावर उजेड फार वेळ धरू नये म्हणून वाटाड्याने कंदील बाजूला केला. "आता सगळे दिवे बंद करा," तो म्हणाला. आमच्या हातांतल्या विजेऱ्या मालवल्या, मग त्याचा कंदील मालवला.

अंधार आपण सगळ्यांनी पाहिला आहे असे आपण समजतो. अमावास्येच्या रात्री गडावर मुक्काम केला तरी चांदण्या असतात. वीज गेलेल्या घरात रस्त्यावरच्या मोटारीचा उजेड भिंतीवर फिरून जातो. तेथे काहीच नव्हते. मी डोळ्यांपुढे हात हलवला, तो दिसला नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे पापण्यांना बोट लावून ठरवावे लागले. सतरा माणसांचे श्वास ऐकू येत होते, आणि मधूनच तो थेंब. त्या माशाच्या कित्येक पिढ्या याच अंधारात जन्मल्या आणि मेल्या. अर्धा-एक मिनिटच गेले असेल. पण कंदील पुन्हा लागला तेव्हा सगळ्यांचे चेहरे थोडे बदललेले दिसले. बापूंनी कोणाचा तरी हात घट्ट धरला होता. तो आपला होता हे गुरुजींनी नंतर चहाच्या वेळी जाहीर केले.

गुहेच्या आतल्या टोकाकडे एक ऊर्ध्वमुखी स्तंभ आहे. आकार हुबेहूब पिंडीसारखा, आणि छतातून पाणी ठिबकून त्याच्यावर पडते. लोक त्याला शिवलिंग मानतात. मावशी तेथे पोचल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चपला मागे सोडल्या, पदर डोक्यावरून घेतला, पिशवीतून घरून आणलेली बेलाची पाने काढली आणि त्या पुढे सरसावल्या.

"माँजी, हात नहीं लगाना," वाटाड्या हळूच म्हणाला.

"बाळा, देवाला हात लावायचा न्हाई तर कशाला लावायचा? इतक्या लांबून आलेय मी."

तो गोंधळला. नियम सांगणे त्याच्या कामाचा भाग होता. आपल्या आजीच्या वयाच्या बाईला देवापासून अडवणे नव्हता. त्याने आपल्या कंदिलाचा उजेड शेजारच्या दोन खांबांवर टाकला. एक ओला होता, दुधाळ आणि चमकणारा. दुसरा त्याच उंचीचा, पण मेणचटलेला, काळपट, कोरडा. हात लावून लावून असा झाला, एवढेच तो म्हणाला. हाताचे तेल दगडाला लागले की पाणी त्याच्यावर नीट पसरत नाही आणि चुना धरत नाही. खांब तेवढ्या जागी वाढायचा थांबतो.

मावशी त्या दोन खांबांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. आम्ही कोणी बोललो नाही, गुरुजींसुद्धा. मग त्या स्वतःशीच बोलावे तशा म्हणाल्या, "आपल्या अंबाबाईच्या मूर्तीची झीज व्हायला लागली, तवा मूळ मूर्तीवरचा अभिषेक थांबवलाच की. तवाबी लोक म्हणत हुते, हे कसं चालंल म्हणून. चाललं. आई रुसली न्हाई." त्यांनी बेलाची पाने पुन्हा पिशवीत ठेवली आणि जेथे उभ्या होत्या तेथूनच हात जोडले. वर छतातून एक थेंब पिंडीवर पडला. "त्याचा अभिषेक चालू हाय," मावशी म्हणाल्या, "मी कशाला मधी येऊ?"

कोल्हापूरच्या वाचकांना तो सारा वाद आठवत असेल. २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी अंबाबाईच्या मूर्तीचे संवर्धन केले, त्याआधी आणि नंतरही गावात घरोघरी त्यावर चर्चा झडल्या. श्रद्धेने केलेल्या स्पर्शानेही दगड झिजतो, हे आपल्या गावाने स्वतःच्या दैवतापाशी शिकून घेतलेले आहे. बस्तरच्या त्या अंधारात मावशींना ते नव्याने सांगावे लागले नाही.

आता प्रश्न असा की, एवढे जपण्यासारखे त्या खांबांत आहे तरी काय? सुंदर तर ते आहेतच. परंतु सुंदर वस्तू जगात पुष्कळ आहेत. या खांबांत त्याहून मोठे काही साठवलेले आहे, आणि त्याचा संबंध आपल्या घरापर्यंत पोचतो.

कांगेर खोऱ्यात कोटमसरखेरीज आणखीही चुनखडीच्या गुहा आहेत. १९९३ साली कैलास गुहा सापडली, १९९५ साली दंडक गुहा. या दंडक गुहेतला एक ऊर्ध्वमुखी स्तंभ शास्त्रज्ञांनी अभ्यासाला घेतला. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षांची वलये असतात तसे स्तंभात थरांवर थर असतात. त्यातल्या युरेनियम आणि थोरियम या द्रव्यांच्या प्रमाणावरून थराचे वय काढता येते. आणि त्यातला प्राणवायू मोठा बोलका असतो. प्राणवायूचे हलके आणि जड असे प्रकार आहेत. पाऊस भरपूर झाला की थेंबात त्यांचे प्रमाण एक असते, पाऊस ओढला की दुसरे. तेच प्रमाण चुन्याबरोबर दगडात बंद होते. म्हणजे प्रत्येक थेंब जाता जाता त्या साली पाऊस कसा झाला याची नोंद करून जातो.

आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली या स्तंभाचे वाचन प्रसिद्ध केले. इसवी सन ६०० ते १५०० अशा नऊशे वर्षांच्या पावसाचा हिशेब त्यात निघाला. त्यात असे दिसले की चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोसमी पाऊस एखाद-दुसऱ्या वर्षी नव्हे, तर वर्षेच्या वर्षे लागोपाठ कमी पडत होता. हवामान खात्याच्या पर्जन्यमापकांनी नोंदी ठेवायला लागल्यापासून आपण इतका लांबलेला तुटवडा पाहिलेला नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाला येथे लगेच काहीतरी आठवले पाहिजे. दुर्गादेवीचा दुष्काळ! १३९६ ते १४०७ अशी बारा वर्षे. गावेच्या गावे ओस पडली, माणसे देशोधडीला लागली, वतने बेवारस झाली. आपल्या आजी-पणजी मोठ्या संकटाला 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हणत, तो हाच. तो कोणी पाहिला? पिढ्यांनी तोंडोतोंडी सांगितला, आणि तोंडोतोंडी आलेली गोष्ट म्हटली की शिकलेला माणूस थोडा हसतो. बारा वर्षे पाऊस नाही म्हणजे जरा अतीच, असे म्हणतो. बस्तरच्या स्तंभावरून सोलापूर-विजापुरात त्या साली किती पाऊस झाला हे मोजता येणार नाही हे खरे. पण ज्या मोसमी वाऱ्यांवर आपण सगळे जगतो, ते त्या काळात वारंवार दगा देत होते, याची साक्ष त्या मुक्या दगडाने दिली. आजीची गोष्ट आणि थेंबाची नोंद एकमेकींना येऊन मिळाल्या.

मेघालयातल्या मावम्लू गुहेच्या एका स्तंभाने तर याहूनही दूरचे सांगितले. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी जगात अनेक ठिकाणी मोठे अवर्षण पडले, त्याची खूण त्या स्तंभात मिळाली. २०१८ साली जगभरच्या भूवैज्ञानिकांनी तेव्हापासून आजपर्यंतच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव दिले. आपण सारे जण ज्या युगात राहतो त्याचे नाव आपल्या देशातल्या एका गुहेवरून पडले आहे, आणि ते नाव एका पाण्याच्या थेंबाने मिळवले.

राजांच्या बखरी लिहायला कारकून होते. पावसाची बखर लिहायला एवढे थेंबच. आणि ती बखर अशी आहे की तिच्या चालू पानावर कोणी बोट फिरवले की शाई तेथेच वाळते.

जेवताना आमच्यात एक कडाक्याचा वाद झाला, तोही सांगतो. बापूंचे म्हणणे व्यवहारी होते. "आत रंगीत दिवे लावा, कठडे घाला, दार रुंद करा. आंध्रात बेलमची गुहा २००२ साली अशी दिवे लावून खुली केली की नाही? लाखो लोक बघत्यात. म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी काय पाप केलं? आणि या पोराची कमाईबी वाढंल." यातले शेवटचे वाक्य वजनदार होते. वाटाड्याचे घर त्या गुहेवर चालते. उद्यान वाचवा म्हणून शहरातून सांगणे सोपे. उद्यानाच्या काठाला राहून ते वाचवायचे तर हाताला काम लागते. मार्च २०२५ मध्ये कांगेर खोऱ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले आहे. म्हणजे येणाऱ्यांची रांग वाढायचीच.

गुरुजींनी उत्तरादाखल फ्रान्समधल्या लास्कोची हकिकत सांगितली. १९४० साली तेथील एका गुहेत आदिमानवाने काढलेली रंगीत चित्रे सापडली. १९४८ साली ती लोकांसाठी उघडली, दिवे लावले, रोज शेकडो माणसे आत जाऊ लागली. हजारो वर्षे टिकलेल्या चित्रांवर पंधरा वर्षांच्या आत हिरवे शेवाळ चढले. दिव्यांच्या उजेडाने, आणि माणसांच्या उच्छ्वासातल्या वायूने व ओलाव्याने. १९६३ साली गुहा बंद करावी लागली. मग १९८३ साली शेजारी तिची हुबेहूब प्रतिकृती बांधून लोकांना ती दाखवायला लागले. "आपण कोटमसरची प्रतिकृती बांधू शकू," गुरुजी म्हणाले, "पण तिच्यात आंधळा मासा कोठून आणणार?"

बापू थोडा वेळ जेवत राहिले. मग त्यांनी बाजूला बसलेल्या वाटाड्याला विचारले, "तुला काय वाटतं रे बाबा?" तो म्हणाला, "माणसं थोडी यावीत, पण वेळ काढून यावीत. दहा मिनिटांत बाहेर पडणारा माणूस आत काहीतरी तोडून नेतो. तासभर थांबणारा नेत नाही." या हिशेबात गुळाच्या व्यापाऱ्यालाही खोट काढता आली नाही. बापूंनी शेवटी एवढेच सुचवले की मग तिकीट वाढवावे आणि वाढलेले पैसे पोराला द्यावेत. या ठरावाला मावशींनी अनुमोदन दिले.

या सुटीत सहकुटुंब कोठे जावे याचा विचार आपल्या घरीही चालू असेलच. बस्तरला जाणार असाल तर पावसाळा सरून गुहा उघडल्यावर, हिवाळ्यात जा. कोटमसर उघडी आहे की नाही, हे जगदलपुरात पोचल्यावर आधी विचारा. पायांत न घसरणारे बूट घाला. कोल्हापुरी चप्पल गावात मिरवायला ठीक, तेथे नको. मुलांना अवश्य न्या, आणि आत गेल्यावर त्यांना अर्धा मिनिट अंधारात उभे करा. वाटाड्याला घाई करू नका. त्याला त्याचे नाव विचारा, त्याच्या गावाचे नाव विचारा. आणि मुलांनी खांबाकडे हात नेला तर रागवू नका. त्यांना दुर्गादेवीच्या दुष्काळाची गोष्ट सांगा, आणि वरून पडणारा थेंब या वर्षीच्या पावसाबद्दल काय लिहीत असेल असे विचारा. आमच्या पोरांपैकी एकाने त्यावर उत्तर दिले होते, की हे वाचायला सातशे वर्षांनी कोणीतरी यायला हवे. मावशी म्हणाल्या, "येईल की. आपण आलो न्हाई व्हय?"